मुसाजी बिगुलवाल्याची हाक

हनोक भोरूपकरच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग चहा, आणि चहाचा कप खाली टेकायच्या आत बिगूल. पाहुणा घाईत असो, आजारी असो, नाहीतर गावात देवी टोचायला आलेला सरकारी डॉक्टर असो, बिगुलातून सुटका नव्हती. त्या डॉक्टराला तर हनोकने खाटेवर बसवून पायाखालची निळी पत्र्याची पेटी ओढली आणि सांगितलं, "सुई पळून जात नाही साहेब. आधी हे बघा."

पेटीत चार वस्तू. तोंडाशी अंगठ्याएवढा पोचा पडलेला एक पितळी बिगूल. राणीच्या मुंडक्याचं चांदीचं पदक. कसरीने अर्धा खाल्लेला लाल कमरपट्टा. आणि चौघडी घातलेला एक इंग्रजी कागद, जो उघडला तर घड्यांवर फाटेल म्हणून चाळीस वर्षांत कोणी उघडला नव्हता. सगळं हनोकच्या पणज्याचं, मुसाजी भोरूपकरचं. मुसाजी कंपनी सरकारच्या पलटणीत बिगुलवाला होता. खारशेतच्या इस्रायल आळीत, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या आळीत, पलटणीत गेलेले पूर्वज पैशाला पासरी होते, पण तटावर चढून फत्तेचा बिगूल वाजवलेला पूर्वज एकट्या भोरूपकरांचा.

ती गोष्ट हनोक उभं राहून सांगायचा. किल्ला कुठला ते त्याला कधी नक्की आठवलं नाही, पण तट कसा होता ते तो हाताने दाखवायचा. वरून गोळ्यांचा पाऊस. मुसाजी, सहा फूट उंच, छाती अशी, शिडीवरून वर. बिगूल तोंडाला लावला आणि सण्णकन गोळी येऊन बिगुलाला बसली. "हा बघा पोचा. घाला बोट, घाला." पाहुण्याला बोट घालावंच लागे. "पण मुसाजीबाबाने फुंक सोडली नाही. गोळी पोच्यात, बिगूल तोंडात, आणि फत्ते!" आमच्या तरुणपणी गोष्टीत एक गोळी होती. पुढे तीन झाल्या. शेगुलाबाई, म्हणजे हनोकची बायको, आतून म्हणायची, "आणखी दोन वर्षांनी तोफ येईल."

खारशेतला ही गोष्ट नुसती पेटीत नव्हती. मुसाजी पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा मशिदीत, आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो, प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या हाजानच्या छातीत दम उरला नव्हता. त्याने एडक्याचं शिंग, म्हणजे शोफार, मुसाजीच्या हातात दिलं. दारफाळणीचा सण, दिवसभराचा कडक उपास, दारं लावून प्रार्थना, आणि चांदण्या दिसल्या की शेवटी शोफार वाजवून उपास सोडायचा. मुसाजीने शिंग तोंडाला लावलं आणि लष्करी बिगूल वाजवला. शिंगातून निघणार किती सूर? दोन, फार तर तीन. पण ठेका तोच, तू-तुतू-ता, तू-तुतू-ता. तेव्हापासून पंच्याऐंशी वर्षं खारशेतची दारफाळणी त्याच ठेक्यावर संपत आली, आणि तो वाजवायचा मान भोरूपकरांचा. मुसाजीनंतर त्याचा मुलगा, मग नातू, मग हनोक.

हनोक धंद्याने सुतार. आळीतली निम्मी दारं-खिडक्या त्याच्या हातच्या, आणि त्यांतली निम्मी पावसाळ्यात फुगून बसत. मूर्ती लहान, आवाज मोठा, भांडणाला कायम तयार. वीस वर्षांचा असताना तो दोनदा अलिबागला लष्करभरतीला गेला होता. दोन्ही वेळा छाती दोन बोटं कमी भरली. दुसऱ्या वेळी फीतवाला हसला, ते हसणं हनोकच्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्याच छातीने वर्षातून एका संध्याकाळी तो पणज्याचा फत्तेचा बिगूल वाजवायचा. बाकी तीनशे चौसष्ट दिवस तो रंधा मारायचा. ती एक संध्याकाळ काढून घेतली असती तर हनोकमध्ये काय उरलं असतं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी ती काढून घ्यायला रूबेन मास्तर आला.

मास्तर म्हणजे सव्वीस वर्षांचा, चष्मेवाला, काडीसारखा मुलगा. मुंबईत हिब्रू शिकलेला. आळीतली बरीच कुटुंबं जहाजात बसून इस्रायलला गेली होती, वीस घरांची अकरा झाली होती, आणि प्रार्थना नीट सांगेल असा माणूस गावात उरला नव्हता. म्हणून दाऊद मुकादमाने, मशिदीचा कारभार त्याच्याकडे, नव्याच्या सणापासून, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून, दारफाळणीपर्यंत दहा-बारा दिवसांसाठी मुंबईहून मास्तर बोलावला. उतरायला घर कोणाचं? ज्याच्या बायकोच्या हाताला चव त्याचं. शेगुलाबाईचा चीकाचा हलवा म्हणजे नारळाच्या दुधातलं नुसतं लोणी.

पहिल्याच दिवशी पाणी, चहा आणि बिगूल झाला. मास्तरने पोच्यात बोटही घातलं. मग त्याची नजर कागदावर गेली.

"काका, हे वाचलंय कोणी?"

"फाटेल."

"नाही फाटणार. द्या इकडे." मास्तरने तो अलगद उघडला, खिडकीशी नेला आणि वाचला. "बिगुलवाला मुसाजी भोरूपकर. नोकरी एकवीस वर्षं. वर्तणूक चांगली. डाव्या गालावर व्रण. उंची पाच फूट दोन इंच."

हनोक म्हणाला, "किती?"

"पाच फूट दोन."

"साहेबाने बसून मोजला असेल."

आत शेगुलाबाईला ठसका लागला. कागदात किल्ल्याचं, तटाचं, गोळीचं अवाक्षर नव्हतं. पण हनोकने तो घडी करून परत ठेवला आणि इंग्रज लोक नेटिव्हाची मर्दुमकी लिहून ठेवत नसत, असं सांगून विषय मिटवला.

खरी ठिणगी नव्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना पडली. दारफाळणीला कोण काय करणार ते मुकादम ठरवत होता. तो सहज म्हणाला, "आणि शेवटाला हनोक आपला बिगूल वाजवील."

मास्तरचा घास हातात राहिला. "बिगूल?"

हनोकने छाती काढून सांगितलं, ठेक्यासकट.

"हे चालणार नाही, काका," मास्तर म्हणाला. आवाज मऊ, पण माघार नाही. "शेवटाला एकच सूर असतो. लांब, सरळ, एका दमात. जगात सगळीकडे तसाच वाजवतात. हे तू-तुतू कुठलं?"

"जगात सगळीकडे मुसाजी भोरूपकर झाले नाहीत."

"देवाच्या दारात पलटणीचं काय काम?"

"देवाच्या दारात? अहो मास्तर, आपल्या पोथीत यरीहोचा तट शिंगं फुंकूनच पडला ना? ते काय गरबा खेळत होते?"

मुकादम हसला. मास्तर हसला नाही. "पंच्याऐंशी वर्षं चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही," तो म्हणाला. शेगुलाबाईने मध्येच त्याच्या पानात हलवा वाढला. मास्तर गोड खाऊन गोड होईल असा तिचा हिशेब होता, पण मास्तरने हलवाही खाल्ला आणि मतही सोडलं नाही.

"तुम्ही ऐकलंय कधी?" हनोक उठलाच. "नाही ना? ऐका आधी. फत्तेचा बिगूल आहे तो. ऐकून अंगावर काटा आला नाही तर नाव बदलीन." आणि हात न पुसता पेटीतून बिगूल काढून तो अंगणात गेला. शिंग सणाचं, ते असं उगाच वाजवायचं नाही, एवढा मान त्याने राखला. दोन्ही पाय जुळवले, गाल फुगवले आणि ठेका दिला. तू-तुतू-ता, तू-तुतू-ता, तू-तुतू-तुतू-ता. खरं सांगायचं तर छान वाजवला. नारळीवरचे कावळे उडाले.

आणि पलीकडच्या आळीतून, कुंपणाचं बेडं ढकलून, गणपत मोरे आला. उघडाबंब, कमरेला पंचा, आणि हातात रिकामं ताट.

गणपत मोरे मराठा पलटणीत नाईक होता. अठरा वर्षं नोकरी करून दोनच महिन्यांपूर्वी कायमचा घरी आला होता. सुट्टीवर येई तो शिमग्याला, त्यामुळे नोकरीत गेल्यापासून हनोकचं वाजवणं त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. तो अंगणाच्या मधोमध येऊन थांबला, ताटाकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं, आणि एकदम लाजला.

"आयला," तो म्हणाला. "सवय हो सवय. पडलो होतो जरा. बिगूल ऐकला न् पाय आपोआप चालाय लागले. बायको मागनं ओरडतीये, अवो कुटं, अवो कुटं."

"म्हणजे फत्तेचा बिगूल ऐकून तुझं रक्त सळसळलं," हनोक म्हणाला.

"फत्तेचा?" मोऱ्याने ताट काखेत धरलं. "हनोकदादा, हा जेवणाचा बिगूल हाय."

मोऱ्याने ताट काखेतून काढून पुढे धरलं.

"लंगराचा, पलटणीच्या भटारखान्याचा. भाकरी तयार, ताटं घेऊन या. अठरा वर्षं दिवसातनं दोन बार ऐकलाय. एक वेळ बायकोचा आवाज चुकंल, हा न्हाय चुकायचा."

मुकादमाने आधी तोंडावर पंचा धरला. मग त्याला पंचाही पुरेना. शेगुलाबाई हसली, मोरे हसला, आणि इतका वेळ कडक बसलेला मास्तरही चष्मा काढून डोळे पुसायला लागला. "म्हणजे पंच्याऐंशी वर्षं," मुकादम अडखळत म्हणाला, "पंच्याऐंशी वर्षं आपण... दिवसभर उपाशी... आणि शेवटाला देवासमोर... ताटं घेऊन या!"

हनोक एकटा हसला नाही. तो बिगूल हातात धरून उभा होता आणि त्याला अलिबागचा तो फीतवाला आठवत होता.

गावात बातमी पसरायला बिगूल लागत नाही. दुसऱ्या दिवशी खाडीवरच्या कोळणी हनोकला विचारत होत्या, "हनोकमामा, आज कालवण काय?" दुकानात वाण्याने वजन करता करता तोंडाने ठेका धरला. हनोक भांडला असता तर बरं झालं असतं, त्याची ती रीतच होती. पण तो गप्प झाला. घरी येऊन त्याने पेटी खाटेखाली पार भिंतीपर्यंत लोटली. मग मशिदीच्या कपाटातलं शिंग आणून मास्तरच्या हातात ठेवलं.

"घ्या. तुमचा तो सरळ सूर वाजवा. मी वाजवणार नाही."

"काका, मी तसं म्हटलं नव्हतं. तुम्हीच वाजवा, फक्त सरळ वाजवा."

"सरळ वाजवायला भोरूपकर कशाला पाहिजे? कोणीही वाजवील."

मास्तरने शिंग घेतलं. त्याला वाईट वाटलं होतं, पण बरोबर ते बरोबर, अशी त्याची घडण. रोज दुपारी तो विहिरीपाशी जाऊन बादलीतल्या पाण्यात आणि फडक्यात नुसतीच फुंक मारून दम वाढवायला लागला.

शेगुलाबाईने चार-पाच दिवस वाट बघितली. मग तिने तोफ डागली. "अहो, पणजोबा तटावर नव्हते म्हणून तुम्ही जेवण कशाला सोडता? बांगडा तसाच राहिला पानात."

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला पहिली तीच गोष्ट सांगितली. मी तेव्हाच मनात म्हटलं, एवढ्या गोळ्या सुटल्या आणि एकही माणसाला लागली नाही?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ते?"

"तुम्ही सांगताना उंच दिसता म्हणून," ती म्हणाली, आणि बांगडा मांजरीपुढे ठेवायला निघून गेली.

दारफाळणीच्या आदल्या दिवशी आमच्यात वडीलधाऱ्यांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. हनोकच्या घराण्यात वडीलधारं एकच माणूस उरलं होतं, मल्काआत्या. वय शहाऐंशी, दात दोन, कान एक. आळीच्या टोकाला मुलाकडे राहायची. हनोक दुपारी गेला तेव्हा ती ओसरीवर वाल सोलत बसली होती. त्याने तिच्या हातांना हात लावून बोटं ओठांना टेकवली, हातबोशी केली, आणि चांगल्या कानाच्या बाजूला बसला.

"आत्या, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर."

"माफ. तू यंदा वाजवणार नाहीस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाने. मला एक कान आहे, पण तो चालतो." तिने एक वाल टोपात टाकला. "जेवणाचा बिगूल आहे हे कळलं म्हणून रुसलास?"

हनोकने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"मला नसेल तर कोणाला असेल? बारा वर्षांची होते मी मुसाजीबाबा गेला तेव्हा. त्याच्याच मांडीवर वाढले."

"मग तो किल्ला? तट?"

"तो माझ्या बापाचा किल्ला. तुझ्या आजोबाचा." आत्या दोन दातांनी हसली. "माझं लग्न ठरत होतं. पेझारकरांकडे खानदानात सुभेदार झालेला. आम्ही काय सांगणार, लंगराला वाजवणारा बिगुलवाला? नाकं मुरडली असती. म्हणून माझ्या बापाने बैठकीत उभं राहून तट चढवला. मी दाराआड होते. मलासुद्धा खरं वाटलं क्षणभर."

"आणि पोचा?"

"तो माझ्या आजीने पाडला. चुलीपाशी इंगळी निघाली, हा एवढा विंचू, हाताला बिगूल लागला, हाणला." तिने हाणून दाखवलं. "त्या थापेवर माझं लग्न जमलं रे. पंचेचाळीस वर्षं चांगला संसार झाला. मी कशाला तोंड उघडू?"

हनोकला हसावं की रडावं कळेना. ज्या तटावर तो आयुष्यभर उभा होता तो आत्याच्या बैठकीतला निघाला होता. "म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला. "नुसता भाकरीला बोलावणारा माणूस. मग ते शिंगावर कशाला वाजवलं त्याने? दुसरं काही येत नव्हतं?"

"सगळं येत होतं. पहाटेचा, कवायतीचा, हल्ल्याचा, सगळे बिगूल यायचे त्याला. आम्हा पोरांना वाजवून दाखवायचा." आत्याचे हात थांबले. "तू कधी विचारलंच नाहीस. तुम्हाला सगळ्यांना गोळ्याच ऐकायच्या असायच्या."

"आता विचारतो."

"त्याच्या कंपनीत आपला माणूस तो एकटा. लंगराचं मटण आपल्या रीतीने कापलेलं नसायचं, ते त्याला चालायचं नाही, त्यामुळे रोजचं जेवण वेगळं, आपलं आपण रांधून झाडाखाली. त्याचं त्याला काही नव्हतं. पण दारफाळणी यायची. छावणीत कोण देतो सुट्टी? आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि हातात बिगूल. सकाळी वाजवायचा, संध्याकाळी वाजवायचा. वाजवला की शे-दीडशे माणसं ताटं घेऊन धावायची. डाळीचा वास यायचा. हा उभाच. मग चांदण्या दिसल्या की फडक्यातले चणे सोडायचा आणि एकटाच खायचा. एकवीस वर्षं, हनोक्या. एकवीस दारफाळण्या." तिने पदराने डोळे नाही, नाक पुसलं. "मला म्हणायचा, मल्के, मी सगळ्या पलटणीला जेवायला बोलावलं, मला बोलवायला कोणी नव्हतं."

हनोकने पुढ्यातला एक वाल उचलून सोलायला घेतला.

"गावी आला त्या वर्षी मशिदीत साठ माणसं होती," आत्या म्हणाली. "साठ माणसं त्याच्याबरोबर उपाशी. हाजानने शिंग दिलं. त्याला कुठला बिगूल आठवणार दुसरा? म्हातारे चिडले, हे काय वाजवलंस म्हणाले. तर म्हणाला, आजवर परक्यांना बोलावलं, आज माझ्या माणसांना बोलावतो."

हनोक उठला तेव्हा हातबोशी करायची विसरला. फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन करून गेला.

दारफाळणीचा दिवस गेला तो तसाच गेला, सगळ्यांचे पांढरे कपडे, लावलेली दारं, आणि दुपारनंतर कोरडे पडत जाणारे आवाज. मास्तरने प्रार्थना सुंदर सांगितली. हनोकनेही मनात कबूल केलं. संध्याकाळी कंदील लागले, मुकादमाने खिडकीच्या फटीतून तीन चांदण्या मोजल्या आणि मान हलवली. मास्तरने शिंग उचललं आणि एकच सूर वाजवला, लांब, सरळ, एका दमात. थोडा कापला, पण पोचला. उपास संपला. लोक उठायला लागले.

"थांबा," हनोक म्हणाला.

"आता काय?" मुकादम कळवळला. "हनोक, जीव जातोय."

"दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक, मुसाजी भोरूपकर कुठल्याही तटावर चढला नव्हता. पाच फूट दोन इंच होता, आणि पोचा इंगळीचा आहे."

इंगळी कोणाला कळली नाही, पण हनोकने स्वतःच्या तोंडाने तट पाडला हे कळलं आणि उठलेले लोक परत खाली बसले. मग त्याने आत्याने सांगितलेलं सांगितलं. गोष्टी सांगायची त्याची सवय होती, पण ही त्याला नीट सांगता येईना. हात कुठे हलवायचे तेच कळेना. एकवीस वर्षांपाशी तो अडकला. चण्यांपाशी दुसऱ्यांदा अडकला. सगळे दिवसभराचे उपाशी होते, त्यामुळे गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

मास्तर शिंग हातात धरून ऐकत होता. हनोक थांबल्यावर त्याने आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाने शिंगाचं तोंड पुसलं.

"काका," तो म्हणाला, "शेवटचा सूर झालाय. प्रार्थना पुरी झाली, तिच्यात आता काही कमी-जास्त होत नाही. आता तुम्ही माणसांना जेवायला बोलावलंत तर त्याला हरकत घेणारा मी कोण?" आणि त्याने शिंग पुढे केलं.

हनोकने ते ओठांना लावलं. आवाज आला नाही. पंचवीस तास पाणी नव्हतं, ओठ लाकडासारखे झाले होते. पुन्हा फुंकलं, नुसता वारा. त्याची दोन बोटं कमी भरलेली छाती वरखाली व्हायला लागली. बायकांच्या बाजूने शेगुलाबाईचा आवाज आला, "अहो, घाई नाही. ओठ ओले करा आणि वाजवा. आम्ही आहोत."

त्याने जीभ ओठांवरून फिरवली आणि वाजवलं. या वेळी पाय जुळवले नाहीत, छाती काढली नाही. डोळ्यांसमोर तट नव्हता. एक बुटका माणूस होता, गालावर व्रण असलेला, धावत्या ताटांच्या गर्दीत एका बाजूला उभा. हनोक त्याच्यासाठी वाजवत होता. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही चुकला नाही.

शिंग खाली घेऊन तो हलकेच म्हणाला, "चला, मुसाजीबाबा. जेवायला चला."

मशिदीतल्या लोकांना वाटलं, तो आपल्यालाच बोलावतोय. "आलो, आलो," म्हणत सगळे उठले.